कोयता घरी ठेवून मालवणला

आमच्या घरानं प्रवास लई केला, पण सगळा उसाच्या फडाकडं. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रॅक्टर दारात यायचा. त्यात भांडी, शेळ्या, सरपण आणि आम्ही. हिवाळा पाचटाच्या कोपीत (झोपडीत) काढायचा, उन्हाळ्यात परंड्याजवळच्या आमच्या गावी परत. मी सातवीत गेले तेव्हा आईनं मला मामाकडं ठेवलं. "हिच्या हातात कोयता द्यायचा न्हाय," एवढंच ती मुकादमाला म्हणाली. मी बी.ए. झाले, घराण्यातली पहिली. नोकरी लागली आणि घरच्यांचा फड सुटला. यंदा हिवाळ्यात सलग सुट्टी मिळाली, तेव्हा ठरवलं, आईला समुद्र दाखवायचा.

"तिकडं कामबी न्हाय, पावणाबी न्हाय," आई म्हणाली. "मग जायाचं कशाला?"

"बघायला."

"येडी झालीस व्हय?"

अण्णा, म्हणजे माझे वडील, शेळ्या सोडून यायला तयार नव्हते. मग आम्ही दोघीच निघालो.

कुर्डुवाडीहून रेल्वेनं कोल्हापूर, पुढं एसटी. शहर सुटल्यावर दोन्ही बाजूंनी ऊसच ऊस. "तोडीला आलाय," आई म्हणाली. घाटात गाडी वळणं घ्यायला लागली तशी तिला मळमळायला लागलं. लिंबू हुंगत, देवाचं नाव घेत ती घाट उतरली. डोळे उघडले तर बाहेर तांबडी माती आणि नारळी-पोफळी.

मालवणजवळ खाडीच्या काठी एका काकूंच्या घरी खोली घेतली होती. जेवायला बांगड्याचं कालवण, भात, सोलकढी. आई पानावर बसेना.

"आधी घरच्यांचं होऊ द्या."

"अगे, तू पावणी मां? बस मगे!" काकू म्हणाल्या.

बसली, पण चार घास खाऊन ताट घेऊन मोरीवर गेली.

सकाळी उठून बघते तर आईनं अर्धं अंगण झाडलेलं! काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या. "गे बाये, तो खराटो ठेव थंय!" आवाज जरा चढलाच. आई खोलीत आली आणि पिशवी भरायला लागली.

"आजच जाऊ. ती बाई राबती अन् मी बसून खाते. सहन व्हत न्हाय मला."

"आणि समुद्रातला किल्ला?"

"तू बघून ये. मी स्टँडवर बसते."

मीही तिचीच लेक. तिला होडीत बसवल्याशिवाय परतायचं नाही, हे पक्कं होतं. पैसे भरलेत, हे सांगून उपयोग नव्हता. मी पिशवी धरली आणि विचारलं, "आई, फडात दुसऱ्याच्या पातीत (वाटून दिलेल्या पट्ट्यात) कधी कोयता घातलास का?"

"घालीन का? भांडणं व्हतील."

"मग हे अंगण काकूंची पात हाय."

"अन् माझी कंची?"

"तुझी कापून झाली."

आईनं पिशवी खाली ठेवली. दारात जाऊन मोठ्यानं म्हणाली, "बाई, चा टाका. साखर जास्त!"

होडीत तिनं माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. होडीवाला हसला. "मावशी, पवाक येता?"

"बाबा, आमच्याकडं घागर भरंना, म्या पवायला कुठं शिकू?" सगळी होडी हसली, आणि तिची पकड ढिली झाली.

शिवकाळातला सिंधुदुर्ग किल्ला लाटांत उभा आहे. आई तटाजवळ थांबून म्हणाली, "आपल्या परंड्याच्या किल्ल्याला खंदक खणावा लागला. ह्यांना आयताच मिळाला की!" आत गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधे गोडं, हे तिला पटेना. ओंजळीत घेऊन चाखलं, तेव्हा मान डोलावली.

शेवटच्या दिवशी दुपारभर ती वाळूत पाय लांब करून बसली होती. लाट यायची, पावलं भिजवून जायची. काकूंनी तिथंच घावणे (तांदळाची धिरडी) आणून दिले. आईनं ताटली बसल्या जागी घेतली, सावकाश खाल्लं, रिकामी ताटली काकूंच्या हातात दिली आणि पुन्हा पाण्याकडं बघत बसली. मी शेजारी बसले होते.

गावी आल्यावर तिनं आळीत मालवणी खाजं वाटलं. पदवी मला मिळाली त्याचा अभिमान आहेच, लपवत नाही. पण त्या पदवीचं चीज कशात झालं असं कुणी विचारलं तर सांगते: माझी आई सुट्टीवर जाऊन आली.