चोवीस नॉब

बायको बंगळूरला मुलाकडे गेली ती नातीच्या पहिल्या तीन महिन्यांसाठी. त्याला आता दीड वर्ष होईल. माझी हडपसरच्या कारखान्यातली नोकरी अजून दोन वर्षं आहे, त्यामुळे वाघोलीच्या फ्लॅटमध्ये मी एकटाच.

रविवार खायला उठायचे. म्हणून नारायण पेठेतल्या एका नाटक मंडळाचा दिव्यांचा बोर्ड जळाला तेव्हा ‘मी करून देतो’ असं म्हणून बसलो. चोवीस दिवे, म्हणजे मंद-प्रखर करायला चोवीस पोटेन्शिओमीटर, साध्या भाषेत फिरवायचे नॉब. कुठला किती फिरवलाय हे बोर्ड चालवणाऱ्या मायक्रोकंट्रोलरला कळायला हवं, आणि माझ्याकडच्याला त्यासाठी जागा होत्या फक्त सहा. त्यावर उपाय म्हणजे मल्टिप्लेक्सर. या चिपमध्ये अनेक नॉबच्या तारा येतात आणि ती एकेकाला पाळीपाळीने पुढे सोडते.

“सोळाच्या दोन घ्या, काम संपलं,” बुधवार पेठेतले दुकानदार म्हणाले.

“आठच्या तीन द्या. एक गेली तरी सोळा दिवे चालू राहतील.”

“बरं. नॉब दहा केचे की शंभर केचे? दहाचे आज चोवीस निघणार नाहीत.”

“शंभरचे चालतील.” के म्हणजे किलोओहम; आकडा जितका मोठा, तितका नॉबचा विजेला अडथळा जास्त.

“असं तुम्ही म्हणताय. मी नाही.”

अर्धा तास उभा राहून मी त्यांच्याशी या चिपांबद्दल बोललो. त्या आठवड्यातलं ते माझं सगळ्यात लांब बोलणं.

जोडणी झाल्यावर दुपारी बायकोला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन लॅपटॉपसमोर टेकवून ठेवला.

“मी नॉब फिरवतो, तू लॅपटॉपवर प्रत्येकाचा आकडा बघ.”

तिने चष्मा लावला. एक, दोन, तीन, सगळं नीट. सातव्याला ती म्हणाली, “आठवाही फिरवलात का हो?”

“नाही.”

“मग तोही थोडा सरकतोय.”

मी परत फिरवला. परत सरकला. तेवढ्यात नात रडल्याचं ऐकू आलं. “उठली वाटतं, ठेवते हं,” म्हणून तिने फोन ठेवला.

चूक माझीच होती. शंभर केच्या नॉबमधून वीज फार हळू येत होती. सातव्याचं उरलंसुरलं ओसरायच्या आत मायक्रोकंट्रोलर आठव्याचा आकडा घेऊन मोकळा होत होता.

पुढच्या शनिवारी परत दुकानात गेलो.

“चालले का शंभरचे?” दुकानदारांनी मान वर न करता विचारलं आणि दहाचे चोवीस काढून ठेवले.

जुने काढून नवे डाख देऊन बसवायला अख्खा रविवार गेला. संध्याकाळी एकेक फिरवून पाहिला. शेजारचा एकही आकडा हलला नाही. तरी फोन लावला.

“काय अडलं?” बायकोने विचारलं.

“काही नाही. नीट चाललंय.”

“मग?”

“त्या दिवशी आकडे वाचायला तशी तुझी गरज नव्हती. समोरच दिसत होते मला.”

तिच्या मागे कुकरची शिट्टी झाली.

“कळलं होतं मला,” ती म्हणाली. “बोला.”

सकाळी पोहे केले होते, त्यात मीठ जास्त पडलं, एवढं सांगितलं.

बोर्ड मंडळात पोचवला. त्यांनी चहा दिला, तालमीला थांबायला सांगितलं. मी शेवटपर्यंत थांबलो. मग वाघोलीची बस धरली.