जॅकखाली ठेवलेला पाटा

विसरले ना?

सकाळपासून एकाचा फोन नाही. डोकं आहे का चहाची गाळणी?

आज माझ्या नणंदेले, सुमनबाईले, जाऊन एक वर्ष झालं.

मी बोलून राहिली, नात रेवा घरच्या ग्रुपवर टाइप करून राहिली. चुका तिच्या, शहाणपण माझं.

तुमच्यासाठी ती हेडमास्तरीण. मले मात्र अजून जीपखालून निघालेले तिचे दोन पाय दिसतात.

पन्नासेक वर्षं झाली असतील. तिले पहिली नोकरी लागली. काटोलच्या पुढं, बस जात नाही अशा गावच्या शाळेत. दुसऱ्या दिवशी दहाच्या आत जॉइनिंग, नाहीतर जागा दुसरीले.

तो कागद तिनं मले इतक्यांदा वाचून दाखवला, की अक्षर न येता मले पाठ झाला.

अन् आदल्या दुपारी आमच्या जीपच्या मागच्या कमानीचा, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांचा, बोल्ट तुटला.

जीप आमचे हे चालवायचे. तुमचे आजोबा. नवा बोल्ट घेऊन आले, तुटका काढायले वाकले, अन् कंबर धरली. बाजेवर आडवे. तोंड तेवढं चालू.

"अवं, जॅक लाव. चाक काढ. मंग खालून तुटका बोल्ट ठोकून काढा."

"खाली कोण घुसल?" मी विचारलं.

सुमनबाईनं पदर खोचला. "नोकरी माझी हाय, वहिनी."

सरकली खाली. बारीकच होती.

आता माझं शहाणपण ऐका. पोरगी नोकरीले चालली म्हणून सकाळीच मी अंगण सारवलं होतं. शेणमाती चांगली जाड थापली होती.

त्यावरच जॅक लावून चाक काढलं होतं.

हातोडीचा एक ठोका. जॅकचं बूड बोटभर खाली.

दुसरा ठोका. अजून बोटभर.

"सुमनबाई, बाहेर निघ!"

"थांब वं वहिनी, निघूनच राहिला बोल्ट."

मी तिचे दोन्ही पाय धरले अन् ओढली.

धप्पकन जीप बसली. जिथं तिची मान होती, तिथं चाकाचा ड्रम रुतला.



मग बाजेवरून आवाज, "नवा बोल्ट वाकला काय?"

सुमनबाई केसापासून शेणानं माखलेली. म्हणाली, "बोल्ट बरा हाय, दादा. बहीणबी बरी हाय, विचारत असशील तर."

मले रडू फुटलं. माझ्याच हातचं सारवण होतं ना.

"जाऊ दे ती नोकरी," मी म्हटलं.

"काहून जाऊ दे? जमीन ओली हाय, खाली काही टणक ठेव."

मी घरातून पाटा आणला. चटणी वाटायचा, माझ्या माहेरचा. तो जॅकखाली ठेवला. जीप उचलली. लकडगंजातून, लाकडाच्या बाजारातून, चुलीसाठी आणलेले जाड ठोकळे दोन्हीकडून खाली रचले. मग जीपले खांदा लावून हलवून पाहिलं, तीनदा.

ती माझ्याकडे पाहून परत खाली गेली.

जुना बोल्ट निघाला, पण नव्यासाठी छिद्रं जुळेनात. मी जॅकचा दांडा फिरवून अर्धा आटा वर, पाव आटा खाली, अजून जरासा वर...

"बस्स वहिनी! हात लावू नको आता!"

बोल्ट आत.

सकाळी हे पाठीशी उशी लावून जीप चालवत गेले. दहाच्या आत सुमनबाई शाळेत.

डब्यात नुसती भाकर अन् कांदा. पाट्याले ग्रीस लागलेलं. राखेनं घासला, चिंचेनं घासला, वास जाईना.

हेडमास्तरीण झाली, रिटायर झाली, तरी ताटावर बसली की टोमणा ठरलेला. "वहिनी, माझी पहिल्या दिवसाची चटणी राहिली बरं."

"जीव वाचवला, वरून चटणीबी पाहिजे काय?"

"हो. पाहिजे."

येत्या सोमवारी रेवाचं जॉइनिंग आहे. दूर, गडचिरोलीकडे. टाइप करता करता नाक ओढून राहिली. भीती वाटते म्हणते.

वाटू दे. घाबरत जा, पण जा. सुमनबाईबी दुसऱ्यांदा खाली गेली तेव्हा घाबरलीच होती. मी डोळे पाहिले होते तिचे.

सुमनबाई, नात्यानं तू लहान. तरी वहिनीचा तुले वाकून नमस्कार.

अन् विसरभोळ्यांनो, तुम्ही हार, मिठाई काही पाठवू नका. रविवारी सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी अन् हिरव्या मिरच्या पाठवा, ताज्या. रेवाच्या डब्याची चटणी मी स्वतः वाटणार आहे.

पाट्याचा वास कधीच गेला.