शितांनी जोडलेला कागद

बायको गेली त्या वर्षीची गोष्ट. शहापूरच्या कचेरीत जुने कागद स्कॅन करणारी एक बाई होती. नाव मी विचारलं नाय. टाचणी नखानं काढायची, घडीवर तळहात फिरवायची, मग कागद मशीनच्या तोंडात सोडायची.

माझा घराचा कागद मधोमध फाटलेला, बायकोनं भाताची शितं लावून जोडलेला. मशीन तो फाडील म्हणून मी सोडीना.

"बाबा, शितं खरवडू का?"

"हात लावू नको. बायको गेली माझी. तिनं लावलीत."

मशीनचं झाकण उघडून तिनं कागद काचेवर अलगद निजवला. पडद्यावर तो अख्खा उमटला.

"बघा, आजीची शितंपण आली. आता उंदराच्या बापालाबी खाता येणार नायत."

मी हसलो. घरी येऊन भात टाकला, आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो.