सेनापतीचा चौथा डाउन

एडमंटनमधल्या आमच्या स्वयंपाकघराच्या जमिनीत एक लोखंडी जाळी आहे. बेसमेंटमधली फर्नेस सुरू झाली की तिच्यातून गरम हवा वर येते. एका उन्हाळ्यात मात्र त्या जाळीतून रोज सकाळी हुकूम यायचे. “ट्रिप्स राइट! झेड मोशन! ऑन टू, ऑन टू!” मग खणखणीत टाळी, क्षणभर शांतता आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं. खाली एक सव्वासहा फुटी मुलगा कोऱ्या भिंतीसमोर उभा राहून नसलेल्या माणसांना कामाला लावत असायचा आणि वर आम्ही दोघं चहात टोस्ट बुडवत असायचो. माझ्या बायकोनं, माधुरीनं, दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव ‘सेनापती’ ठेवलं. “आणि सैन्य कधी येणार म्हणे याचं?” असंही वर विचारलं.

आमची मुलगी ग्वेल्फला शिकायला गेली आणि बेसमेंट रिकामं पडलं. ऑफिसातल्या एकानं विचारलं, इथल्या व्यावसायिक फुटबॉल संघात अमेरिकेतून एक नवा मुलगा येतोय, एका सीझनपुरतं घर हवंय, देता का? फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, लांबट चेंडूसाठी एकमेकांच्या अंगावर धडकायचं, तो. त्या खेळातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. माधुरीचा सुरुवातीला विरोधच होता. “अहो, हे लोक पार्ट्या करतात. शिवाय आपल्या फोडणीचा वास त्याला सोसेल का?” पण सेनापती आला तो दोन बॅगा आणि अंगात एक पातळ जॅकेट घेऊन. मे महिना होता आणि बाहेर बर्फ भुरभुरत होता. तो दारात बूट काढून उभा राहिला, म्हणाला, “गुड आफ्टरनून, मॅम. घरात वास फार छान येतोय.” विरोध तिथेच संपला.

आमचं त्याच्याशी बोलणं इंग्रजीतच व्हायचं. त्यातलं बरंचसं मी इथे मराठीत देतोय. आम्हाला तो ‘सर’ आणि ‘मॅम’ म्हणायचा. जॉर्जियातल्या त्याच्या गावाकडे आईबापालाही तसंच म्हणतात म्हणे. माधुरीला ते काही पटेना. ‘मॅम’ ऐकलं की आपण कुणाचा तरी गृहपाठ तपासतोय असं वाटतं, म्हणाली. तिनं त्याला ‘काका’ आणि ‘काकू’ शिकवलं. ‘काका’ त्याला लगेच जमलं, पण काकू शेवटपर्यंत ‘काकू मॅम’च राहिली.

त्याचं एक पालुपद होतं, ‘नेक्स्ट प्ले’. फुटबॉलमध्ये एक चाल फसली की रडत बसायचं नाही, टाळी वाजवायची आणि पुढच्या चालीला लागायचं. हे त्याला शाळेपासून शिकवलेलं. ते त्यानं मैदानाबाहेरही लावलं होतं. आमटीचं वाटकं सांडलं, टाळी, “नेक्स्ट प्ले, काका.” गाडीला दंडाचं तिकीट लागलं, टाळी, नेक्स्ट प्ले. मला या असल्या सकारात्मक माणसांचा मनातून थोडा वैताग येतो. हा मात्र टाळी वाजवून लगेच फडकं आणायला धावायचा, त्यामुळे त्याच्यावर वैतागता यायचं नाही.

कॉलेजात तो मोठा माणूस होता, हे आम्हाला त्याच्याकडून कळलं नाही. आमच्या मुलीनं इंटरनेटवर शोधून फोनवर सांगितलं, “डॅड, देअर्स अ सँडविच नेम्ड आफ्टर हिम!” कॉलेजच्या गावात एका हॉटेलात त्याच्या नावाचं सँडविच मिळायचं. त्याला विचारलं तर लाजून म्हणाला, “त्यात कांदा फार घालायचे, काका.” इथे तो तिसऱ्या नंबरचा क्वार्टरबॅक होता. चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो आणि कुणाकडे फेकायचा ते तोच ठरवतो. पण तिसऱ्या नंबरचा क्वार्टरबॅक रेषेबाहेर टोपी घालून उभा राहतो आणि मैदानावरच्यांना हातवारे करून चाली कळवतो. आम्ही पहिला सामना टीव्हीवर पाहिला तेव्हा माधुरी म्हणाली, “हे तर ट्रॅफिक हवालदाराचं काम झालं. एवढ्यासाठी लेकराला इतक्या लांब आणलं?”

करार एका सीझनचा होता आणि तोही संघाला हवा तेव्हा मोडता येणारा. तिकडे त्याच्या वडिलांचा घरांची छपरं बसवायचा धंदा होता. “इथे जमलं नाही तर मी छपरावर,” असं तो हसत सांगायचा. पण एकदा हसला नाही. म्हणाला, “काका, कॉलेज संपल्यावर मला बोलावलं ते फक्त याच संघानं. दुसरा फोन आलाच नाही.” मला त्या दिवसापासून त्याची काळजी वाटायला लागली. तोवर तो नुसता भाडेकरू होता.

अडचण काय होती, ते त्यानं आमच्या जेवणाच्या टेबलावर वाट्या मांडून समजावलं. चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा. त्यासाठी जे प्रयत्न मिळतात त्यांना डाउन म्हणतात. अमेरिकेत चार डाउन मिळतात, कॅनडात तीन. दोन्हीकडे शेवटचा प्रयत्न बहुधा चेंडू लाथेनं लांब उडवण्यात जातो, म्हणजे निदान समोरच्यांना तो दूरवर मिळतो. त्यानं एक वाटी उचलून बाजूला ठेवली. “तिकडे एखादा प्रयत्न वाया घालवला तरी चालतो. उलट शहाणपणाचं असतं ते. चारही बाजूंनी घेरलं की चेंडू रेषेबाहेर भिरकावून द्यायचा आणि पुढच्या चालीला लागायचं. इथे ती वाटीच नाही.” माधुरीनं ती वाटी घेतली, त्यात वरण वाढलं आणि त्याच्यापुढे ठेवली. म्हणाली, “ईट फर्स्ट.”

नियम पाठ करायला त्याला एक दिवसही लागला नाही. अंगाला पटवणं जड जात होतं. लहानपणापासून चारापर्यंत मोजलेलं अंग होतं ते. मी त्याला माझं सांगितलं. भारतात गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे, इथे डावीकडे. मला इथे वीस वर्षं होऊन गेली, तरी सकाळी घाईत असलो की मी किल्ली घेऊन उजव्या दाराशी जातो. शेजारी खिडकीतून बघत असला तर डॅशबोर्डच्या कप्प्यातलं काहीतरी शोधल्यासारखं करतो आणि मग गुपचूप वळसा घालतो. सेनापती पोट धरून हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, “पण काका, माझ्याकडे वीस वर्षं नाहीत.”

दुसऱ्या दिवशी तो जेवायला आला तो डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट पांढऱ्या चिकटपट्टीनं एकत्र बांधून. माधुरी घाबरली. “लागलं का रे?” तो म्हणाला, “नो, काकू मॅम. चौथा डाउन बांधून टाकलाय.” मोजायला गेलं की त्या बाजूला तीनच बोटं मोकळी सापडावीत, असा हिशेब. जेवताना, गाडी चालवताना, बागेतलं गवत कापताना पट्टी कायम. तशा हातानं पोळी तोडायलाही तो शिकला. खालच्या हुकुमांतही फरक पडला. दुसऱ्या टाळीनंतर आता “किक!” असा आवाज यायचा. माधुरी पोळ्या लाटता लाटता त्याच्याबरोबर पुटपुटायची. माझ्या बायकोला एका संघाच्या सगळ्या गुप्त चाली पाठ होत्या, हे समोरच्या संघांना कळलं असतं तर बरं मोल आलं असतं तिला.

ऑगस्टमधल्या एका दुपारी आम्ही एलआरटीनं, म्हणजे इथल्या लोकल रेल्वेनं, स्टेडियमवर गेलो. पहिला क्वार्टरबॅक आधीच दुखापतीनं घरी बसला होता. दुसऱ्याचा घोटा सामन्यात मुरगळला आणि सेनापतीनं टोपी काढून हेल्मेट घातलं. रेषेजवळ कुणीतरी त्याच्या बोटांवरची पट्टी कात्रीनं कापताना आम्हाला दिसलं. चेंडू घ्यायला दोन्ही हात पुरे मोकळे लागतात, त्याला इलाज नव्हता. माधुरीनं माझं मनगट धरलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही.

आणि तो चांगला खेळला, हे सांगितलंच पाहिजे. लांबचे दोन चेंडू त्यानं असे फेकले की आमच्या मागचे अनोळखी लोक माझ्या पाठीवर थापा मारायला लागले. आमचा संघ पुढे गेला. सामना संपत आला होता. चेंडू आपल्याच हातात ठेवला की जिंकलो, एवढं मलाही कळत होतं. दुसरा डाउन. समोरचे तिघं त्याच्यावर धावून आले. उजवीकडे जवळच आमचा एक खेळाडू मोकळा उभा होता, तिकडे चेंडू टाकण्यात धोका होता, पण टाकता आला असता. सेनापतीनं अगदी शांतपणे, सराईतपणे चेंडू रेषेबाहेर भिरकावून दिला. मग त्यानं टाळी वाजवली आणि पुढची चाल सांगायला हात उंच करून सगळ्यांना जवळ बोलावलं.

कुणी आलं नाही. बाकीचे खेळाडू मैदानाबाहेर चालले होते आणि चेंडू लाथेनं उडवणारे आत येत होते. तो मधोमध हात वर करून उभा. लाथ मारणाऱ्या खेळाडूनं जवळ जाऊन त्याच्या खांद्याला हात लावला, तेव्हा तो हात खाली आला. माधुरी पुटपुटली, “अरे, किक...” चेंडू गेला तो समोरच्यांनी पुन्हा आमच्या हाती लागू दिला नाही आणि शेवटच्या क्षणी गुण मिळवले. आमचा संघ हरला. परतीच्या गाडीत माधुरी मला सोडून पलीकडच्या सीटवर जाऊन बसली, जणू चेंडू मीच फेकला होता.

सकाळी जाळीतून आवाज आला नाही. नंतर तो वर आला, टेबलाशी बसला. “डोक्यात तीनच होते, काका. हातांनी विचारलंच नाही.” मी चहा पुढे केला. पुढच्या आठवड्यात संघाचा फोन आला. चाली असलेला टॅब्लेट घेऊन या, म्हणाले. त्याचा अर्थ त्या जगात सगळ्यांना कळतो. एका चुकीसाठी काढत नाही, दुसरा अनुभवी माणूस मिळालाय, असं त्याला सांगण्यात आलं. खरंही असेल. जाताना त्यानं बेसमेंट स्वच्छ पुसलं आणि दारात माधुरीला वाकून नमस्कार केला. तो तिनं त्याला कधी शिकवला नव्हता, सुटीत चार दिवस घरी आलेल्या आमच्या मुलीचा पाहून उचलला असणार. तिला रडू आवरलं नाही. मीही नंतर गॅरेजमध्ये जाऊन उगाच विंटर टायर मोजत उभा राहिलो.

दिवाळीत त्याचा फोन आला. सकाळी तो छपरांवर असतो आणि दुपारी आपल्या जुन्या शाळेतल्या मुलांना फुटबॉल शिकवतो. माधुरीनं फोन स्पीकरवर टाकला. तो म्हणाला, “काका, एक गंमत सांगू? पहिल्याच सामन्यात तिसरा डाउन आला आणि मी ओरडलो, किक! मुलं माझ्याकडे बघतच राहिली. चौथा डाउन होता ना शिल्लक! तुमच्याकडचं अखेर अंगात मुरलं बघा. जरा उशीर झाला, एवढंच.” तो हसला. आम्हाला हसावंसं वाटलं नाही. माधुरीनं विचारलं, “मग आता?” पलीकडून टाळी ऐकू आली. “नेक्स्ट प्ले, काकू मॅम. इथे तो असतो.”

त्या डिसेंबरात आम्ही नागपूरला गेलो. धाकटा भाऊ विमानतळावर घ्यायला आला होता. सामान मागे ठेवलं आणि मी शेजारच्या सीटवर बसायला उजवं दार उघडलं. समोर स्टिअरिंग. किल्ली हातात घेऊन भाऊ माझ्या मागे उभा. “काय दादा, गाडी तू चालवतो काय?”

माधुरीनं माझ्याकडे पाहिलं. मी टाळी वाजवली आणि वळसा घालून पलीकडच्या दाराकडे गेलो.