इंदूअक्कांची बॅकपॅक आणि माझी पाळत

किस्से जमवायला फिरावं लागतं, असा समज आहे. माझं निरीक्षण वेगळं आहे: ज्या माणसाला प्रत्येक गोष्टीचा पुरावा लागतो, त्याच्याभोवती ते आपोआप साचत जातात. मी संख्याशास्त्र शिकवते. एका अनुभवावरून निष्कर्ष काढत नाही. म्हणून हे पाच.

आधी पार्श्वभूमी. बनशंकरीत माझ्या शेजारी इंदूअक्का एकट्या राहतात. वय सदुसष्ट, घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरूचं, मराठीत निम्मी कन्नड. आईने घर भाड्याने द्यावं आणि हेब्बाळला आपल्याकडे राहावं, असा मुलाचा, प्रसादचा, आग्रह. अक्कांनी पाठीवर बॅग टाकून उत्तरेत फिरायचं ठरवलं, तेव्हा त्याने अट घातली: प्रवासात एकदाही कुणी फसवलं, तर परतल्यावर हेब्बाळ. अक्का "सरी", म्हणजे बरं, म्हणाल्या आणि पहारा म्हणून मला सोबत घेतलं.

*

आग्र्याच्या किल्ल्यात एक गाईड मागे लागला. मी ओळखपत्र मागितलं, मग त्यावरच्या फोटोबद्दल शंका काढली, मग त्याच्या प्रत्येक विधानात दुरुस्ती सुरू केली. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, आता तुम्हीच सांगा. मी मागून येतो."

तासाभराने वळून पाहिलं, तर माझ्यामागे अकरा पर्यटक उभे होते. फी त्याने घेतली!

*

जयपूरच्या हॉस्टेलमध्ये मी बॅग साखळीने पलंगाला बांधली आणि कुलपाचा आकडा विसरले. वरच्या पलंगावरची डच मुलगी खाली उतरली, कुलपाला कान लावला, आणि मिनिटभरात ते उघडलं.

मी तिचे मनापासून आभार मानले आणि खोली बदलली.

*

उत्तरेत मराठी थोडीफार कळते, म्हणून दुकानात आम्ही आपसांत कन्नड बोलायचो. रजयांच्या दुकानात अक्का मला म्हणाल्या, माणूस बरा दिसतो, पण भाव स्वल्प जास्ती. दुकानदाराने कन्नडमध्येच उत्तर दिलं. बेंगळुरूच्या शिवाजीनगरला पंधरा वर्षं दुकान होतं त्याचं!

झालं. अक्कांनी आपली बॅग त्याच्या हवाली केली आणि त्या हवामहल बघायला गेल्या. मी समोरच्या पायरीवर बसून दुकानावर नजर ठेवली. बॅग परत मिळताच मी एकेक वस्तू यादीशी ताडून पाहिली.

"अक्का, पट्टा उसवला होता, शिवून ठेवलाय," तो म्हणाला. "मॅडमच्या यादीत तेवढे टाके जास्त निघतील."

*

मग ऋषिकेश. गंगेकाठी सकाळचा योगवर्ग. सगळ्यांच्या बॅगा मागे भिंतीशी ठेवलेल्या, आणि शिक्षकांनी ध्यानासाठी डोळे मिटायला सांगितलं. ही मांडणी मला संशयास्पद वाटली.

पूर्ण शांतता. पक्षी, पाणी, श्वास. आणि शिक्षकांचा मृदू आवाज, "मॅडम, दुसराही."

*

शेवटच्या दिवशी घाटावर एक सभ्य तरुण अक्कांशेजारी येऊन बसला. गोड बोलणं, हातात छापील फॉर्म. आश्रमात नदीकाठची खोली आजन्म मिळेल. फक्त आधार कार्डाची प्रत आणि सही हवी. मी अक्कांचा हात दाबला, कन्नडमध्ये उठायला सांगितलं. त्या उठल्या नाहीत. चष्मा लावून त्यांनी फॉर्म शेवटपर्यंत वाचला आणि पेन मागितलं. मला बनशंकरीचं घर भाड्याने गेलेलं डोळ्यांसमोर दिसलं.

मग अक्का त्याला म्हणाल्या, सही करते, पण आधी मुलाला विचारायला हवं. माझ्या फोनची बॅटरी संपलीय, तुझ्यावरून लाव.

त्याने तत्परतेने फोन काढला आणि लावलाही. नंबर आम्हां दोघींपैकी कुणीच सांगितला नव्हता.

अक्कांनी हळूच फोन त्याच्या हातातून घेतला.

"प्रसाद, तुझा दोस्त फार गोड आहे रे. बेंगळुरूला आला की जेवायला पाठव. पत्ता बनशंकरीचाच दे."