मामांची साखर आणि माझं मीटर

माझ्या सासऱ्यांचा मधुमेह ऑपरेशनने आटोक्यात आला, आणि तो आटोक्यात येऊ नये म्हणून मी एकट्याने जिवाचं रान केलं.

आधी माझी ओळख सांगतो. मी वीज कंपनीच्या कार्यालयात मीटरच्या तक्रारी बघतो. ‘साहेब, मीटर लई पळायलंय!’ असं रडत कुणी आलं की माझं उत्तर ठरलेलं : “मीटर खोटं बोलत नसतं. वापर जास्त असतो. या आता.” गारखेड्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या खान चाचांनाही मी हेच ऐकवलं होतं. तेव्हापासून ते ईदचा शीरखुर्मा भिंतीवरून माझ्या बायकोच्या हातात द्यायचे आणि माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. (शीरखुर्मा मीच संपवायचो. तक्रार वेगळी, शीरखुर्मा वेगळा!)

सासरे म्हणजे मामा. पाचोडला त्यांची मोसंबीची बाग आहे, आणि घरच्या मोसंबीचा त्यांना फक्त वास घ्यायची परवानगी! देह दणदणीत, साखर त्याहून दणदणीत. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन टोचूनही आकडा अडीचशेच्या खाली यायला तयार नव्हता. पायाला मुंग्या यायच्या, डोळ्यांपुढे धुरकट दिसायचं. मी त्यांना साखर मोजायचं यंत्र भेट दिलं होतं, आणि देताना भाषणही केलं होतं : “मामा, एक वेळ डॉक्टर चुकेल, हे मीटर चुकणार नाही. मी मीटरमधला माणूस आहे!”

अधिक महिना तोंडावर आला होता. या महिन्यात जावयाला जेवायला बोलावून पुरणाचे धोंडे करायचे आणि तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, ही रीत. मागच्या धोंड्याला मी मामांच्या डोळ्यांदेखत अनारसे हाणत होतो आणि मामा ताक पीत होते. ताकाचा ग्लास खाली ठेवून ते म्हणाले होते, “पुढच्या धोंड्याला जावयाच्या पंगतीला बसून एक तरी अनारसा खाईन. नाय तर मग धोंडा करायचाच कशाला?” बोलताना आवाज कापला होता त्यांचा. मलाही तो अनारसा जरा जडच गेला. (पुढचे नाही गेले.)

आणि अशात शहरातल्या एका सर्जनने सांगितलं, “पोटाची पिशवी लहान करू आणि आतड्याला वळसा देऊ. अन्न वरचा भाग टाळून थेट खालच्या आतड्यात उतरलं की तिथून जे संदेश सुटतात, त्यांनी शरीरातलं इन्सुलिन जोमाने कामाला लागतं. पुष्कळांची साखर वजन उतरायच्या आधीच उतरते.”

मी उसळलोच! “साखर रक्तात आणि कापणार आतडं? घरातला फ्यूज उडाला म्हणून विजेच्या डांबावरची तार तोडतात का, डॉक्टर?”

मामा शांतपणे म्हणाले, “जावईबापू, बागंत पाणी तुंबलं की आपण दुसऱ्या चारीनं काढून देतोच की. डॉक्टर, कापा तुम्ही!”

ऑपरेशन झोकात झालं. मुक्कामाला मी राहिलो, आणि तिथे माझी कीर्ती वाढली. रात्री मी सारखा उठायचो. मामी, म्हणजे सासूबाई, पाहुण्यांना सांगायच्या, “बाप आजारी असल्यावानी डोळ्याला डोळा नाय जावयाच्या!” (खरं म्हणजे मी लघवीला उठायचो. दवाखान्यातली हवा कोरडी, म्हणून घशाला शोष, म्हणून पाणी, म्हणून लघवी, असा माझा शास्त्रीय हिशेब होता.) मी वाळलोही होतो. पाचोडहून आलेला प्रत्येक पाहुणा मामांना बघायच्या आधी मला बघून हळहळायचा, “काळजीनं जावई पार चिपाड झाला हो!” आणि सोबत आणलेले पेढे, मोसंब्या माझ्यापुढे ठेवायचा. मामांना तर नुसतं डाळीचं पाणी. आलेल्या माणसाचं मन कोण मोडणार? मी एकही मन मोडलं नाही!

सुट्टी मिळाल्यावर मामा आमच्याच घरी आले. डॉक्टरांनी बजावलं होतं : इन्सुलिन सध्या बंद, रोज साखर मोजा, जास्त दिसली तर आधी फोन करा.

पहिल्याच सकाळी मी मामांच्या बोटाला टोचलं. आकडा आला, एकशे चार.

“अशक्य!” मी म्हणालो. “मीटर बिघडलंय.”

“अहो, ऑपरेशन त्याच्याचसाठी केलंय ना?” बायको, वर्षा, म्हणाली.

“इतक्या लवकर? पोट अजून तेवढंच दिसतंय! आत साखर तीनशे असेल आणि आपण एकशे चार धरून बसलो तर? मामी, इन्सुलिन काढा. जुनाच डोस देऊ.”

वर्षा आडवी आली. “डॉक्टरांना फोन केल्याशिवाय बाबांना हात लावायचा नाय! मीटर बिघडलंय कशावरून?”

“थांब, सिद्धच करतो.” मी खुर्चीत बसलो, झोकात स्वतःचं बोट टोचलं. आकडा आला, तीनशे अठरा!

“बघा! माझ्यासारख्या ठणठणीत माणसाला तीनशे अठरा! आता तरी पटलं?”

मामींचा चेहरा उतरला. “म्हंजी ह्यांची साखर काय उतरलीच नाय?” मामांनी सदरा वर केला आणि टोचून घ्यायला तयार झाले. त्यांच्या डोळ्यांतला तो अनारसा विझताना मी पाहिला, आणि तरीही इन्सुलिनचं पेन हातात घेतलं!

“हात धुतले होते का तुम्ही?” वर्षाने विचारलं. “सकाळधरनं मोसंब्या सोलायलात!”

मी साबण लावून खसाखसा हात धुतले. तीनशे अकरा.

“मीटरच पळतंय!” मी ओरडलो. मग वर्षाचं बोट टोचलं : अठ्ठ्याण्णव. मामींचं : एकशे दोन. तेवढ्यात मामांची खुशाली विचारायला खान चाचा आले. आल्या आल्या मी त्यांचंही बोट धरलं : एकशे एक.

“हे मीटर माणूस बघून बोलतंय!” मी म्हणालो.

खान चाचांनी बोट चोळत सगळ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. किती दिवस ते या क्षणाची वाट बघत होते कोण जाणे! “मीटर झूट नै बोलता, साब,” ते अदबीने म्हणाले. “आपीच बोले थे ना मेरेकू? इस्तेमाल ज्यादा होता!”

वर्षाने फोन लावून सगळे आकडे सांगितलेच होते. स्पीकरवर डॉक्टर कडाडले, “एकशे चारला जुना डोस? माणूस बेशुद्ध पडेल! कोण देतंय ते इन्सुलिन?” माझ्या हातातलं पेन गळून पडलं. “पेशंट उत्तम आहे,” डॉक्टर म्हणाले. “फक्त आजार कायमचा गेला म्हणू नका, झोपलाय म्हणा. तपासण्या चालू ठेवा. आणि तीनशे अठरावाले कोण आहेत? त्यांना आजच घेऊन या.”

पुढचं सांगायलाच हवं का? रात्रीचं उठणं, घशाचा शोष, वाळणं, काळजीने चिपाड होणं, या साऱ्याला डॉक्टरांनी एकच नाव दिलं. पाचोडभर पसरलेलं माझं पुण्य एका रिपोर्टात धुऊन गेलं! मी आशेने विचारलं, “मलाही आतड्याला वळसा देता येईल का?” डॉक्टर म्हणाले, “तुम्हाला त्याची गरज नाही. तुम्ही पेढ्यांना वळसा द्या.”

अधिक महिन्यात पाचोडला धोंडा झाला. पंगतीत मामा माझ्या शेजारी बसले. सैल झालेला सदरा, इन्सुलिन अजूनही बंद. डॉक्टरांनी परवानगी दिलेला अनारशाचा एवढासा तुकडा त्यांनी तोंडात ठेवला, डोळे मिटले आणि कितीतरी वेळ चावत राहिले. मामी पदराने डोळे पुसत होत्या. माझं ताट भाकरी आणि कारल्याचं होतं, तरी त्या क्षणी मलाही भरून आलं. जिंकला होता माणूस!

मग वाणाचं तबक आलं. तेहतीस अनारसे वर्षाने परस्पर पिशवीत घातले. मामांनी औंदा सोन्याची अंगठी कबूल केली होती, म्हणून मी तबकातला रुमाल उचलला. खाली मीच त्यांना दिलेलं साखर मोजायचं मीटर!

“मला आता दवाखान्यातली तपासणी पुरते. हे तुम्हालाच ठेवा, जावईबापू,” मामा म्हणाले. “आन् अंगठी मुद्दाम नाय केली. बोटात अंगठी घातल्यावर टोचायचं कुठं?”

सारी पंगत खदखदून हसली. मी मुकाट्याने बोट पुढे केलं. तक्रार तरी कुणाकडे करणार? मीटरच्या तक्रारी बघणारा साहेब मीच!