जसेच्या तसे शब्द

माघ सरता सरता सांगलीच्या बाजारात नवी हळद येते आणि पेठेतल्या माझ्या कचेरीतल्या कागदांनाही तो उष्ण, मातकट गंध चिकटून राहतो. त्या गंधात बसून मी वर्षानुवर्षं माणसांनी माणसांना दिलेल्या शिव्या लिहून घेत आले आहे. वकिलीच्या अभ्यासात हे कुणी शिकवलं नव्हतं. शिकवलं ते माझ्याच एका चुकीनं.

कोयनानगरकडचे महादूकाका माझे पहिल्या वर्षीचे पक्षकार. गावच्या नळावर पाणी भरलं म्हणून जातीवरून शिव्या देत त्यांना चारचौघांत ढकलून दिलं होतं. तक्रार मीच लिहून दिली, आणि सुसंस्कृत घरात वाढल्याच्या तोऱ्यात त्या शिव्यांच्या जागी 'जातिवाचक अपशब्द' एवढंच लिहिलं. नेमके शब्द नोंदलेले नाहीत, म्हणून आरोपी सुटले. न्यायालयाच्या पायऱ्यांवर काका शांतपणे म्हणाले, "आवं बाई, तुमास्नी लिवायला लाज वाटली. मला तर ते ऐकावं लागलं."

ते वाक्य मला झोंबलं, आजही झोंबतं. तेव्हापासून नवा पक्षकार आला की आधी चहा, आणि मग कोऱ्या कागदावर, माझ्या हातानं, तेच शब्द जसेच्या तसे.

यंदा सुमनताईंची साक्ष होती. हळद शिजवण्याच्या कामावर पिंपात तांब्या बुडवून पाणी घेतलं म्हणून शेतमालकानं ते पिंपच लाथाडलं होतं आणि सगळ्या मजुरांसमोर त्यांच्या जातीचा उद्धार केला होता. तक्रारीत शब्द होते. पण कोर्टात त्यांच्या तोंडून ते आले नाहीत, तर सगळं पुन्हा मातीत जाणार होतं. आदल्या दिवशी त्या म्हणाल्या, "बाई, सून मागं बसलेली असंल. तिच्याम्होरं कसं बोलू?" मी त्यांना महादूकाकांची हकिकत सांगितली. त्या उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी साक्षीदाराच्या पिंजऱ्यावर खिडकीतून फाल्गुनातलं तिरपं ऊन पडलं होतं. "काय म्हणाले ते?" मी विचारलं. सुमनताईंनी एकदा सुनेकडे पाहिलं, पदर खोचला आणि सगळे शब्द, एकही न गाळता, खणखणीत आवाजात सांगितले. टंकलेखिकेची बोटं थबकली, एके काळी माझं पेन थबकलं होतं तशीच.

"लिवा," सुमनताई म्हणाल्या. "सावकाश लिवा, मी थांबते. पर समदं लिवा."

टंकयंत्राच्या कळा पुन्हा वाजू लागल्या. सून ताठ बसून होती. शेतमालकानं मात्र मान खाली घातली. स्वतःच्याच तोंडचे शब्द त्याला ऐकवत नव्हते. निकाल अजून यायचा आहे.